प्रश्नाच्या शेपटीला वेळ

सोहारच्या बंदरावर, सात नंबरच्या खिडकीत
खल्फान अल मक्बालीच्या टेबलावर एक संगणक आहे.
त्याचा ब्राउझर इतका जुना
की त्याला हाक मारायची रीतही निराळी:
बाकीच्यांना सरळ नावाने,
याला मागच्या दाराने, कडी वाजवून.
कोडमध्ये मी दोन्ही लिहिलंय.
हे नसेल तर ते,
तेही नसेल तर माफी.

तक्रार अशी:
कंटेनर सकाळी आठलाच उतरला,
क्रेनवाल्याने पाहिला, माझ्या लॅपटॉपने पाहिला,
खल्फानच्या पडद्यावर मात्र
‘अद्याप आलेला नाही’.
तो बटण दाबतो. आलेला नाही.
चहाचा घोट घेऊन दाबतो. आलेला नाही.
बाहेर शेहेचाळीस अंशांत
रिकाम्या ट्रेलरवर दुर मोहम्मद.
कंटेनरमध्ये टाइल्स आहेत, खल्फान म्हणतो,
टाइल्स काही नासत नाहीत.
दुर मोहम्मद नासतो.

सजीवन फोनवरून म्हणाला, नवा ब्राउझर टाक आणि सूट.
पण शिक्क्याचा प्रिंटर फक्त यालाच ओळखतो,
दोघं एकाच साली इथे नोकरीला लागलेले.

दुपारभर मी चूक माझ्यात शोधली.
विनंतीची अवस्था एक, दोन, तीन, चार: पूर्ण.
उत्तराचा आकडा दोनशे, म्हणजे सगळं ठीक.
सगळं ठीक असताना काय दुरुस्त करायचं?
शेवटी सर्व्हरची नोंदवही उघडली
तर तिथे दिवसभरात
या खिडकीचा एकच प्रश्न. सात चाळीसचा.
नंतरचे चाळीस-एक
बाहेर पडलेच नव्हते.
तोच प्रश्न पुन्हा विचारला
की हा म्हातारा जागचा हलत नाही,
उशाखालचं सकाळचं उत्तर काढून देतो.
खोटं नाही ते.
सात चाळीसला ते खरंच होतं.

इलाज एका ओळीचा.
पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, त्यापुढे आत्ताची वेळ,
मिलिसेकंदांत, तेरा आकडी.
सर्व्हर तो आकडा वाचतही नाही,
तसाच टाकून देतो.
पण प्रश्न मघाचा राहत नाही,
म्हणून कुणाला तरी उठून जावं लागतं.

पावणेपाचला खल्फानने बटण दाबलं.
आला.
प्रिंटर कुरकुरला, शिक्का उमटला, जरा तिरपाच.
दुर मोहम्मदने कागद ओढून घेतला,
माझ्याकडे बघितलंही नाही.
त्याच्या हिशेबात मी नऊ तास उशिरा आले होते.

रात्री उदगीरला फोन.
कसे आहात अण्णा? बरंय.
झोप? बरंय.
गुडघा? बरंय.
दोनशे, दोनशे, दोनशे.

अण्णा एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते.
तेहतीस वर्षं: गाडी आली, इतके वाजून इतकी मिनिटं.
कुणी नुसतं ‘आली’ लिहिलं
तर ती गाडी ते आलेली धरत नसत.

मी म्हटलं, अण्णा,
तुमच्याकडे आत्ता दहा बावन्न झालेत.
आत्ता कुठे बसलाय तुम्ही?

तिकडे थोडा वेळ काहीच नाही.
एक मोटारसायकल गेली. कुत्रं भुंकलं.
एवढ्या रात्री रस्ता इतका जवळ
घरात ऐकू येत नाही आमच्या.

‘दहा त्रेपन्न,’ अण्णा म्हणाले.
‘पायरीवर बसलोय.
आडवं झालं की दम लागतो.’

कधीपासून?

‘थांब,’ म्हणाले,
‘वही आणतो.’